पांढऱ्या हंसाबद्दल एक राहिलेलं उत्तर

मागच्या रविवारी मी इथे रशियाच्या टीयू-१६० विमानाचा छोटा व्हिडिओ टाकला होता. वर एकच ओळ लिहिली होती, "काय देखणं विमान आहे राव!" त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, आपल्याकडे हे कधी येणार? दोघा-तिघांनी लिहिलं की अशी दहा विमानं असती तर शेजाऱ्याचा प्रश्न एका रात्रीत मिटला असता. मी सगळ्यांना नेहमीसारखा अंगठा दिला आणि झोपलो.

सकाळी भाचीचा मेसेज होता. "मामा, ते विमान मी हात लावून बघितलंय. व्हिडिओ काढू नकोस. पण त्या एका रात्रीतवाल्यांना उत्तर दे."

आठवडा गेला. आज बसलोय लिहायला. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. मी ओझर मिगचा. नाशिककरांना हे नाव सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो: एचएएलचा विमान कारखाना, त्याची टाउनशिप, आणि ज्या विमानासाठी कारखाना उभा राहिला त्याचंच नाव गावाला चिकटलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे फिटर होते. मिग-२१, मग मिग-२७. शाळेत बाई शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या, विमान गेलं की पुढचं वाक्य. आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. घरी वह्या-पुस्तकांना कव्हरं सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची. त्यातली विमानं मी कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचो. बाहेरून चिकटवली तर आई ओरडायची.

त्यामुळे टीयू-१६० बघितलं की माझं काय होतं ते मला लपवता येत नाही. ५४ मीटर लांब, भरलेलं वजन २७५ टन, आणि एवढं धूड आवाजाच्या दुप्पट वेगाने जातं. पंख मागे वळतात. उड्डाणाच्या वेळी ५५ मीटरहून जास्त पसरलेले असतात, वेग घेताना मागे दुमडून साधारण ३५ मीटर होतात. ते पंख ज्या तुळईवर फिरतात ती टायटॅनियमची आहे. हवा काढून घेतलेल्या मोठ्या कोठीत इलेक्ट्रॉनच्या झोताने तिचे तुकडे जोडतात. चार इंजिनं, प्रत्येकाचा जोर २५ टनांच्या आसपास. वाटेत इंधन न भरता बारा हजार किलोमीटर. चार जणांचा चमू, आत छोटंसं स्वयंपाकघर, संडाससुद्धा. (आमच्या एसटीत नाही, पण ते असो.) रंग पांढराशुभ्र. अणुस्फोटाच्या झळांपासून बचाव व्हावा म्हणून तो पांढरा आहे, हे मला फार उशिरा कळलं. रशियन लोक त्याला 'पांढरा हंस' म्हणतात. नाटोने नाव ठेवलं ब्लॅकजॅक.

पहिलं उड्डाण १८ डिसेंबर १९८१. अमेरिकेच्या बी-१ ला उत्तर म्हणून. गंमत म्हणजे बी-१ आधी कार्टर यांनी १९७७ मध्ये रद्द केलं होतं. रेगन यांनी ते परत आणलं, पण नवं बी-१बी वेगाने बरंच कमी, आवाजाच्या सव्वापटीच्या आसपास. म्हणजे उत्तर प्रश्नापेक्षा मोठं आणि वेगवान झालं. १९८८ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री कार्लुची मॉस्कोजवळच्या तळावर हे विमान बघायला आत शिरले आणि त्यांचं डोकं एका पॅनेलवर आपटलं. पुढे वैमानिक त्या पॅनेलला गंमतीने 'कार्लुची पॅनेल' म्हणायला लागले असं सांगतात.

तर हे असं विमान. आवडतं मला. अजूनही आवडतं.

आता भाचीचं सांगतो.

ती २०१९ ला एमबीबीएससाठी युक्रेनला गेली. इथे खासगी कॉलेजची फी आमच्या दाजींच्या आवाक्याबाहेरची होती, हे तुमच्यापैकी अनेक घरांना वेगळं सांगायला नको. शहर सुमी, रशियाच्या सीमेला अगदी लागून. २०२१ च्या शरदात मैत्रिणींबरोबर ती पोल्ताव्हाला फिरायला गेली. तिथे दूर पल्ल्याच्या बॉम्बर विमानांचं संग्रहालय आहे. मामा विमानवेडा म्हणून तिने मला फोटो पाठवला. पांढऱ्या हंसाच्या चाकाला टेकून उभी. चाक तिच्या कमरेच्या वर. खाली लिहिलं होतं, "मामा, तुझी बायको भेटली."

हा फोटो चार महिने माझ्या मोबाईलच्या पडद्यावर होता.

ते विमान तिथे का उभं आहे, ती गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा टीयू-१६० ची मुख्य तुकडी रशियात नव्हतीच, ती युक्रेनमधल्या प्रिलुकी तळावर होती. एकोणीस विमानं. युक्रेनकडे ती उडवायला पैसे नव्हते आणि अण्वस्त्रं सोडून दिल्यावर फारसं कारणही उरलं नव्हतं. अमेरिकेच्या पैशातून १९९८ मध्ये ती कापायला सुरुवात झाली. त्याचे फोटो आहेत, मान तुटलेल्या बगळ्यासारखी पडलेली पांढरी धडं. मी ते फोटो बघून हळहळलो होतो, खरंच. १९९९ मध्ये रशियाने गॅसच्या थकबाकीपोटी आठ टीयू-१६०, तीन टीयू-९५ आणि पाचशेहून जास्त क्रूझ क्षेपणास्त्रं परत घेतली. उरलेली भंगारात गेली आणि एक पोल्ताव्हाच्या संग्रहालयात राहिलं. भाचीने हात लावला ते हेच.

म्हणजे गॅसचं बिल भागवायला आठ बॉम्बर. मी तेव्हा म्हणालो होतो, चला, आठ तरी वाचले.

२४ फेब्रुवारी २०२२ नंतरचे तेरा दिवस आमच्या घरात कसे गेले ते मी कधी लिहिलं नाही. आजही सगळं लिहिणार नाही. सुमीला वेढा पडला होता. वीज गेली, नळाचं पाणी गेलं. हॉस्टेलच्या मुलांनी बाहेरचा बर्फ बादलीत आणून वितळवला, हे तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. आमची पोर त्यातली एक. ताई देवासमोर बसलेली, दाजी टीव्हीसमोर. मला सगळे विचारायचे, "तुला कळतं ना विमानातलं, हे कुठलं विमान आहे?" भाची तळघरातून आवाज रेकॉर्ड करून पाठवायची आणि मी, ज्याने अख्खं बालपण विमानांच्या आवाजात काढलं, तो आवाज ऐकून सांगायचो, हे जेट आहे, हे तोफेचं आहे. शाळेत पुढचं वाक्य थांबवणारा आवाज तो हाच, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर समजलं.

७ मार्चला मुलांना बसमध्ये बसवलं आणि परत उतरवलं. त्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, लहान मुलांसकट वीसहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आपली सातशेच्या आसपास मुलं बसने निघाली. ती कुठे पोहोचली माहितीये? पोल्ताव्हाला. तिथून रेल्वेने पश्चिमेला. फोनवर ती म्हणाली, "मामा, तुझ्या विमानाच्या गावात आलो." मी हसलो. ती हसली नाही.

फोटो मी त्या रात्री पडद्यावरून काढला. डिलीट नाही केला.

तर 'एका रात्रीत'वाल्यांना उत्तर.

पहिली गोष्ट, हे विमान आता आवाजाच्या दुप्पट वेगाने कुठेच जात नाही. म्हणजे जाऊ शकतं, पण युद्धात त्याचा उपयोग होत नाही. युक्रेनवर हल्ला करताना ते रशियाच्याच आकाशात राहतं, कधी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला, आणि तिथून क्रूझ क्षेपणास्त्रं सोडून परत फिरतं. ते क्षेपणास्त्र आवाजापेक्षा कमी वेगाने जातं. तेच क्षेपणास्त्र टीयू-९५ सोडतं, जे पंख्याचं विमान आहे आणि ज्याचं पहिलं उड्डाण १९५२ चं. म्हणजे ज्या वेगासाठी टायटॅनियमची तुळई, वळणारे पंख आणि शंभर टनांचा जोर, तो वेग समोर विमानविरोधी क्षेपणास्त्रं आल्यावर कामाचा राहिला नाही. अमेरिकेला हे साठच्या दशकातच कळलं. त्यांचं व्हाल्किरी विमान आवाजाच्या तिप्पट जायचं. दोनच बनली. एक १९६६ मध्ये फोटो काढण्यासाठी जवळजवळ उडताना दुसऱ्या विमानाला धडकून पडलं, दुसरं ओहायोच्या संग्रहालयात आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हे वाचून 'म्हणजे निरुपयोगी' असं समजू नका. ज्यांच्या डोक्यावर क्षेपणास्त्र येतं त्यांच्यासाठी ते भरपूर उपयोगी आहे. या विमानांच्या पोटातून सुटतं त्या केएच-१०१ जातीच्या क्षेपणास्त्राने जुलै २०२४ मध्ये कीव्हच्या मुलांच्या हॉस्पिटलला धडक दिली असावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी सांगितलं. धाकटा भाऊ म्हणावा असं टीयू-२२एम३, तेही सुपरसॉनिक, त्याचं केएच-२२ क्षेपणास्त्र साठच्या दशकात अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांसाठी बनवलेलं. जानेवारी २०२३ मध्ये निप्रो शहरात ते एका रहिवासी इमारतीवर पडलं. चाळीसहून जास्त माणसं गेली. जहाज शोधायला बनवलेल्या क्षेपणास्त्राला वस्तीत काय दिसणार?

आणि ज्यावर मी 'चला, आठ तरी वाचले' म्हणालो होतो ना, ती विमानं आणि त्यांच्याबरोबर दिलेली क्षेपणास्त्रं. युक्रेनच्या गुप्तचर अधिकाऱ्यांनी २०२२ च्या शेवटी सांगितलं की आम्हीच दिलेली तीच आता आमच्यावर वापरली जातायत. हे वाचल्यावर मी बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो होतो.

आता आपल्या देशाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये भारत टीयू-१६० घेणार अशी बातमी खूप फिरली. सरकारने अशी कुठलीही घोषणा केली नाही, विमान आलं नाही. पण मागणी जात नाही. आमच्या घरातही परवा वाद झाला. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, सगळे आकडे पाठ. तो म्हणाला, "काका, अमेरिका, रशिया, चीन, तिघांकडे बॉम्बर आहेत. आपण चौथे नको का?" मुद्दा चूक नाही, रांगेत उभं राहायची इच्छा मला कळते. पण त्या तिघांना समुद्र आणि खंड ओलांडायचेत. आपले दोन्ही भांडणाचे शेजारी भिंतीला लागून आहेत. सुखोई-३० एका दमात तीन हजार किलोमीटर जातं, हवेत इंधन भरलं तर आणखी. आणि ब्राह्मोस हे अडीच टनांचं क्षेपणास्त्र आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने जातं. ते सुखोईच्या पोटाखाली बसवायचं काम कुठे झालं? इथे, ओझरला. तसं बदललेलं पहिलं विमान २५ जून २०१६ ला इथूनच उडालं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरावर चाचणी झाली. ऑपरेशन सिंदूरमध्ये ब्राह्मोस वापरल्याचं पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री दोघांनी जाहीरपणे सांगितलं. म्हणजे सुपरसॉनिक व्हायचं काम क्षेपणास्त्राने करावं, विमानाने त्याला दारापर्यंत सोडावं. ही अक्कल आपल्याला आहे आणि ती आपल्या गावात बसवलीय, याचा अभिमान त्या पांढऱ्या हंसाच्या व्हिडिओवर का मागायचा?

पुतण्या म्हणाला, "पण दोन्ही असलं तर?"

इथे अण्णा बोलले. ते हल्ली कमी बोलतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टीव्ही ऐकतात. म्हणाले, "विमान किती देखणं ते ज्याला पाना घालायचाय त्याला विचार. पंख वळणारं मिग-२७ आम्ही केलंय. उडवणारा दोन तास उडवायचा, खाली उतरलं की आमचे दिवस जायचे. त्याच्या दहापट मोठ्याचं काय? सुटा भाग कुठून आणशील? काझानहून? तिथे आधी त्यांच्या स्वतःच्या युद्धाला पुरवायचंय." मग थोडं थांबून, "आधी स्क्वाड्रन मोज."

मोजल्या. मंजूर ४२. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, अण्णांनी तो कार्यक्रम कानाला मोबाईल लावून ऐकला. त्यानंतर उरल्या २९ च्या आसपास. रशियाने २०१८ मध्ये स्वतःसाठी दहा नवीन टीयू-१६० मागवली ती १६० अब्ज रुबलला, आणि ती अजून एकेक करून येतायत. आपल्याला तेजस वेळेवर हवीत. नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए गेल्या ऑक्टोबरात उडालं तेव्हा ओझरच्या रस्त्यावर माणसं गाड्या थांबवून वर बघत होती. मीही होतो. त्या विमानाला पांढरा रंग नाही, छोटंसं आहे. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आणखी एक. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमधून नेलेल्या छोट्या ड्रोननी रशियाच्या आत खोल घुसून बॉम्बरचे तळ मारले. त्यातला एक तळ सायबेरियात, युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून लांब. जळालेली विमानं म्हणजे बहुतेक टीयू-९५ आणि टीयू-२२एम३. लग्नात हवेतून शूटिंग करणारं खेळणं असतं ना, त्याच्याच भावकीतलं यंत्र, आणि समोर कोट्यवधी डॉलरचं विमान उघड्यावर उभं. पुतण्या यावर काही बोलला नाही. मोठ्ठं विमान लपवायला जागा लागते, आणि आपल्याकडे तळाच्या कुंपणाला लागून वस्ती असते.

बॉम्बर नकोच, बॉम्बर पापच, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे होते. कॅनबेरा, २००७ पर्यंत. गोवा मुक्तीच्या वेळी १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून बारा कॅनबेरा उडाली आणि डाबोळीच्या धावपट्टीवर अठ्ठावीस टनांच्या आसपास बॉम्ब टाकून आली. वैमानिकांना ताकीद होती की विमानतळाच्या इमारती शाबूत ठेवायच्या. त्यांनी ठेवल्या. उभी असलेली दोन प्रवासी विमानंही सोडली. गंमत पुढे आहे: त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी जमेल तशी सावरली आणि ती दोन्ही विमानं अंधारात उडून कराचीला निघून गेली. बारा बॉम्बर, एवढा दारूगोळा, आणि तरी धावपट्टी पुरती बंद झाली नाही. गोवा मुक्त झाला तो जमिनीवरून चालत गेलेल्या जवानांनी. एका रात्रीत काय मिटतं आणि काय मिटत नाही, ते आपल्या घरच्याच उदाहरणात आहे.

भाचीने पुढचं शिक्षण दुसऱ्या देशातून पूर्ण केलं. सध्या इथे परीक्षेचा अभ्यास करतेय. काल तिला हे सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, काही काढू का? तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, 'तळघर' लिहिलंस ते बरोबर आहे, पण आम्ही त्याला बंकर म्हणायचो, कारण तसं म्हटलं की भीती कमी वाटायची. दुसरं, पोल्ताव्हाच्या त्या संग्रहालयात एक म्हातारे आजोबा तिकिटं फाडायचे, त्यांनी या मुलींना फोटो काढायला विमानाच्या अगदी जवळ जाऊ दिलं होतं, दोरीच्या आत. "ते कुठे असतील रे मामा?"

मला काय माहीत. मी विमानाचं सगळं सांगू शकतो. इंजिनाचा नंबर, पंखाचा कोन.

व्हिडिओ काढलेला नाही, खाली आहे तसाच आहे. बघा हवं तर, आवाज बंद करून नाही, चालू ठेवून बघा. आणि ज्यांनी 'एका रात्रीत' लिहिलंय त्यांचा अंगठा मी परत घेतलाय, राग मानू नका. रविवारी संध्याकाळी घरीच असतो. अण्णांशी वाद घालायचा असेल तर जरूर या, पण थोडं मोठ्याने बोलावं लागेल. चाळीस वर्षं इंजिनाजवळ काम केलंय, डावा कान गेलाय.